शस्त्रांचें प्रदर्शन : पाहावें कीं टाळावें?

जानेवारीचा पहिला आठवडा उजाडला कीं आमच्या हिंगोलींत घरोघरीं एक लहानसा वाद उपस्थित होतो. मुलें शाळेंतून निरोप आणितात कीं पोलिसांचें शस्त्रप्रदर्शन पाहावयास जावयाचें आहे, वडील मंडळींनीं परवानगी द्यावी. आणि वडील मंडळींत लागलीच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, जाऊं द्या, चार गोष्टी कळतील. दुसरा म्हणतो, बंदुका पाहून कोणतें ज्ञान पदरांत पडणार आहे? हा वाद आमच्याही घरीं दरसाल होतो, आणि तो अर्धवट असतांनाच मुलें पायांत चपला घालून निघून जातात. गेल्या खेपेस मात्र आम्ही स्वतः त्यांच्याबरोबर गेलों, जें दिसलें तें नीट पाहिलें, आणि घरीं परतल्यावर पुष्कळ विचार केला. त्या विचारांत वाचकांस सहभागी करून घ्यावें, एवढ्याचसाठीं हा प्रपंच.

प्रथम, हें प्रदर्शन म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. २ जानेवारी १९६१ रोजीं पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्तें महाराष्ट्र पोलीस दलास ध्वज मिळाला. तो दिवस दलाचा स्थापनादिन म्हणून पाळतात, आणि त्या निमित्तानें २ ते ८ जानेवारी हा आठवडा जिल्ह्याजिल्ह्यांतून साजरा होतो. त्या आठवड्यांत विद्यार्थ्यांना ठाण्याचें कामकाज दाखवितात, श्वानपथकाचीं कामें दाखवितात, आणि मेजांवर बंदुका मांडून त्यांची माहिती सांगतात. आमच्या गांवाला खाकी गणवेष नवा नाहीं. १ मे १९९९ रोजीं परभणीपासून निराळा होऊन हिंगोली जिल्हा झाला, त्याचें पोलीस दल येथें आहेच. शिवाय राज्य राखीव पोलीस बलाचा बारावा गटही येथेंच आहे. तरीही, रस्त्यानें जाणाऱ्या शिपायाच्या खांद्यावरची बंदूक दुरून दिसणें निराळें, आणि तीच मेजावर हाताच्या अंतरावर असणें निराळें.

‘बंदुकांचें प्रदर्शन’ या शब्दांचा अर्थ अमेरिकेंत मात्र अगदीं वेगळा आहे. तेथें शनिवार-रविवार पाहून मोठ्या दिवाणखान्यांत शेंकडों मेजें मांडतात, आणि बंदुका, काडतुसें, जुन्या लढायांतील हत्यारें यांचा चक्क बाजार भरतो. १९९३ सालच्या ब्रेडी कायद्यानें परवानेदार विक्रेत्यावर गिऱ्हाइकाची पूर्वचौकशी करण्याचें बंधन आलें. परंतु खासगी मालक आपली बंदूक विकूं लागला तर कित्येक राज्यांत तें बंधन लागू पडेना, आणि यावर त्या देशांत वर्षानुवर्षें कडाक्याचें भांडण चालत आलें आहे. अलीकडे माल आणि भाव दोन्ही घरबसल्या पडद्यावर पाहतां येऊं लागल्यापासून असल्या बाजारास जाण्यांत आतां हशील काय, असें तेथील शौकीन लोकच एकमेकांस विचारतात. गंमत अशी, कीं आमचा तेरा वर्षांचा पुतण्याही नेमकें हेंच विचारीत होता. "काका, मला सगळ्या बंदुका माहीत आहेत. त्यांत पाहावयाचें काय आहे?" असा त्याचा प्रश्न.

आपल्याकडे तसला बाजार नाहीं, आणि नाहीं तेंच बरें. ब्रिटिश हिंदुस्थानांत १८७८ च्या कायद्यानें लोकांच्या हातांतील शस्त्रांवर निर्बंध आले. तो परकीयांनीं आपल्या भयापोटीं केलेला कायदा होता, म्हणून राष्ट्रीय पुढाऱ्यांनीं त्याविरुद्ध वारंवार तक्रार केली. स्वतंत्र भारतानें १९५९ सालीं आपला शस्त्र अधिनियम केला. त्याप्रमाणें परवान्यावांचून बंदूक बाळगतां येत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें परवानेदारासही सामान्यतः दोनच बंदुका ठेवण्याची मर्यादा घातली. आणि लग्नाच्या वरातींत किंवा उत्सवांत बेपर्वाईनें गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यांत घालणारास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगितली. पुण्याजवळ मोशी येथें २०२४ च्या फेब्रुवारींत संरक्षणसामग्रीचें मोठें प्रदर्शन भरलें होतें; परंतु तें मुख्यतः कारखानदारांचें. सामान्य गृहस्थाच्या मुलांना बंदूक जवळून पाहावयास मिळते ती पोलिसांच्या या जानेवारीच्या मेजांवर. तेव्हां आमचा प्रश्न तेवढ्यापुरताच आहे: हें पाहण्यास मुलांना धाडावें कीं नाहीं?

हिंगोलीची बंदुकीशीं ओळख फार जुनी आहे, आणि ती तीन प्रकारची आहे. एकोणिसाव्या शतकांत हैदराबाद कंटिंजंट या फौजेची येथें छावणी होती. पुढें त्या फौजेंतील पायदळ पलटणी हिंदी सैन्यांत मिसळल्या. १९२२ सालीं त्यांतील कित्येकांची मिळून एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट झाली, आणि १९४५ सालीं तिचें नांव कुमाऊं रेजिमेंट असें झालें. ३ नोव्हेंबर १९४७ रोजीं काश्मिरांत बडगाम येथें देह ठेवणारे आणि परमवीरचक्राचे पहिले मानकरी ठरलेले मेजर सोमनाथ शर्मा हे याच रेजिमेंटच्या चौथ्या पलटणीचे. ज्या फौजेच्या वंशांत हा पुरुष निपजला, तिचीं बिगुलें एके काळीं आमच्या गांवांत वाजत असत. ही पहिली ओळख अभिमानाची.

दुसरी ओळख तितकी सुखाची नाहीं. फिलिप मेडोज टेलर यानें १८३९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ठगाच्या कहाणीच्या प्रस्तावनेंत हिंगोलीच्या छावणीचा उल्लेख आहे. येथें हरीसिंग नांवाचा एक प्रतिष्ठित व्यापारी राहत असे. खुद्द टेलरनेंही त्याच्याशीं देवघेव केलेली होती. एकदां या हरीसिंगानें मुंबईहून कापड आणावयाचें आहे असें सांगून अधिकाऱ्याकडून रीतसर परवाना मिळविला. त्याच वाटेनें दुसऱ्या गांवचा एक व्यापारी आपला माल घेऊन येत होता, हें त्यास ठाऊक होतें. त्यानें त्या व्यापाऱ्यास माणसांसकट ठार केलें, माल आपल्या परवान्यावर हिंगोलीस आणिला, आणि छावणींत उघडपणें विकला. हरीसिंग हा ठगांचा नायक होता, हें मागाहून उघडकीस आलें. मुख्य पहाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर माणसें मारलीं गेलीं आणि पुरलीं गेलीं, आणि भरल्या बंदुका घेऊन उभे असलेल्या पहारेकऱ्यांस त्याची दादही नव्हती! ठगाचें हत्यार कोणतें? तर एक साधा रुमाल. बंदुकांचा ढीग असला म्हणजे गांव सुरक्षित असतें, असें ज्यांस वाटतें त्यांनीं आपल्याच गांवचा हा इतिहास आठवावा.

तिसरी ओळख आमच्या घरांतल्या वृद्ध आजींना आहे. हिंगोली त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं मराठवाडा मोकळा झाला, त्यापूर्वींच्या दिवसांत रझाकारांच्या भयानें कित्येक कुटुंबांनीं घरदार सोडून सरहद्दीपलीकडे वऱ्हाडांत आसरा घेतला. आजी तेव्हां दहा वर्षांच्या होत्या. प्रदर्शनास येतां का, असें आम्हीं सहज विचारलें तेव्हां त्या वातीं वळीत बसल्या होत्या. मान वर न करतां म्हणाल्या, "मी बंदूक पाहिली आहे. मला पुन्हां पाहावयाची नाहीं." त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं.

आतां प्रदर्शनास जाऊं नये असें म्हणणाऱ्यांची बाजू मांडूं, कारण ती हलकी नाहीं. आमच्या वहिनींचें म्हणणें असें, कीं मुलांच्या हातांत मोबाइल आल्यापासून त्यांचा अर्धा दिवस बंदुकांच्या सहवासांतच जातो. पडद्यावरच्या खेळांत गोळ्या झाडावयाच्या, माणसें पाडावयाचीं, आणि पडलेलीं माणसें पुढच्या डावांत पुन्हां उठून उभीं राहावयाचीं. २०२० च्या सप्टेंबरांत सरकारनें अशा एका अतिशय लोकप्रिय खेळावर बंदी घातली, तर दुसऱ्याच वर्षीं तो निराळ्या नांवानें परत आला. अशा मुलांना खऱ्या बंदुकांपुढें नेऊन उभें करणें म्हणजे आगींत तेल ओतणें होय, असें वहिनींना वाटतें. दुसरें असें, कीं शस्त्राची हौस गल्लोगल्लीं माजली आहे. वाढदिवसाचा केक तलवारीनें कापावयाचा, त्याचें छायाचित्र जगाला दाखवावयाचें, आणि दोन दिवसांनीं ठाण्यांत माना खालीं घालून बसावयाचें, असले प्रकार महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून ऐकूं येतात. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचीं हत्यारें, घरकाम, शेतकाम आणि कारखाना यांचीं अवजारें वगळून, शस्त्रांच्या नियमांच्या कक्षेंत येतात, हें या पोरांस ठाऊक नसतें. आणि त्यांच्या वडिलांसही नसतें. ज्या समाजांत शस्त्राचें कौतुक आधींच वाजवीपेक्षां अधिक झालें आहे, त्यांत आणखी प्रदर्शनें कशाला?

या आक्षेपांपुढें आम्ही निरुत्तर होऊं लागलों होतों. म्हणूनच वाटलें कीं एकदां जाऊन प्रत्यक्ष पाहावें.

पांढरी चादर घातलेलीं मेजें ओळीनें लावलीं होतीं. एकावर लोकांच्या तोंडीं असलेली जुनी थ्री-नॉट-थ्री, शेजारीं एस. एल. आर., पलीकडे इन्सास, मग कार्बाइन आणि पिस्तुलें; दुसऱ्या मेजावर अश्रुधुराचीं नळकांडीं, ढाली, शिरस्त्राणें आणि लाठ्या. आमच्या पुतण्यानें लांबूनच नांवें घेण्यास आरंभ केला. कोणत्या बंदुकीची नळी किती मिलिमीटरची, हेंही तो सांगूं लागला, आणि तें बहुतेक बरोबर होतें. मेजामागील हवालदार हंसले. त्यांनीं एक रायफल उचलली, खटका मागें ओढला, नळींत नजर घातली, बोट घालून पाहिलें, मग मुलाला पाहावयास लाविलें, आणि तेव्हां कोठें ती त्याच्या हातीं दिली.

"पण ती रिकामीच होती ना? सकाळीं तपासली असेलच," पुतण्या म्हणाला.

"सकाळीं तपासली, मघाशीं तपासली, आणि तुझ्या हातांतून परत आली कीं पुन्हां तपासणार," हवालदार म्हणाले. "रिकामी आहे असें धरून चालणाराच्या हातूनच अपघात होतो, बाळा."

रायफल चार किलोंच्या आसपास वजनाची. ती खांद्याशीं लावून समोरच्या भिंतीवरील खुणेवर स्थिर धरण्यास हवालदारांनीं सांगितलें. पहिल्या दहा अंकांपर्यंत मुलगा ऐटींत होता. विसाव्या अंकास टोंक हलूं लागलें. तीस मोजले जाण्यापूर्वींच त्यानें ती खालीं घेतली, आणि दंड चोळीत उभा राहिला. ज्या बंदुका घेऊन तो पडद्यावर तासन् तास धांवतो, त्यांना वजन असतें हें त्याला त्या क्षणीं प्रथम कळलें.

नंतरचें संभाषण आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटलें. गोळ्या किती मिळतात, असें त्यानें विचारलें. हवालदारांनीं सांगितलें कीं सरावाच्या दिवशीं गोळ्या मोजून मिळतात, वहींत नोंद होते, सही होते. आणि सराव संपला म्हणजे झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्याव्या लागतात. एक पुंगळी कमी भरली तर सर्वांनीं मैदानांत वांकून ती शोधावयाची. दिवस मावळूं लागला तरी शोध सोडावयाचा नाहीं. "गोळी झाडणें सोपें," ते म्हणाले, "हिशेब देणें अवघड." आमची धाकटी पुतणी मध्येंच विचारती झाली, "तुम्हीं कोणाला मारलें आहे का?" आम्हांस संकोच वाटला, पण हवालदारांनीं शांतपणें उत्तर दिलें, "नाहीं बाळा. आणि तशी वेळ न यावी अशीच प्रार्थना असते." पलीकडच्या मेजावर एक महिला शिपाई पिस्तुलाचे भाग उकलून पुन्हां जोडून दाखवीत होत्या. मुली तेथें गर्दी करून उभ्या होत्या, आणि त्यांच्या प्रश्नांना अंत नव्हता.

हें सर्व पाहून आमचें मत प्रदर्शनाकडे झुकूं लागलें होतें, तोंच एक प्रकार घडला. पांच-सहा वर्षांच्या एका मुलाच्या हातीं कोणी हौसेनें कार्बाइन टेंकून दिली होती, आणि त्याची आई समोर उभी राहून मोबाइलनें छायाचित्र घेत होती. "माझ्याकडे धर, माझ्याकडे!" ती म्हणाली. मुलानें नळी तिच्या छातीकडे केली. भोंवतालचीं मंडळी हंसलीं. तो हंशा विरतो न विरतो तोंच एका शिपायानें हात पुढें करून नळी तळव्यानें खालीं दाबली आणि हत्यार काढून घेतलें. मुलगा रडूं लागला. आईच्या कपाळास आंठ्या पडल्या. आणि शिपाई बापडा अपराध्यासारखा गप्प उभा राहिला. बंदूक रिकामी होती यांत शंका नाहीं. परंतु त्या लेंकराला त्या क्षणीं काय शिकविलें गेलें? शस्त्र आपल्या माणसावर रोखलें म्हणजे सगळे हंसतात आणि छायाचित्र चांगलें येतें, हेंच ना? आणि तें शिकविलें कोणी? पोलिसांनीं नव्हे. तें आपण पाहुण्यांनीं शिकविलें.

येथें आम्हांस प्रश्नाची खरी गांठ सांपडली. शस्त्र पाहिल्यानें मूल बिघडत नाहीं आणि सुधारतही नाहीं. शस्त्राबरोबर त्याला काय दिसतें, यावर सर्व अवलंबून आहे. पडद्यावरच्या बंदुकीला वजन नाहीं, वही नाहीं, पुंगळी नाहीं, आणि तिच्याबद्दल जाब देणारा माणूसही नाहीं. केक कापणाऱ्या तलवारीचेंही तसेंच. प्रदर्शनांतील बंदुकीमागें मात्र एक माणूस उभा असतो. तिचा हिशेब त्याच्या डोक्यावर असतो. ती उचलतांना तो तीनदां पाहतो. शस्त्राचा जबाबदार धनी कसा वागतो, हें मुलांना जवळून पाहावयास मिळण्याची संधि आमच्यासारख्या गांवांत वर्षांतून एकदांच येते. ती दवडणें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं. मोबाइलवर सर्व पाहिलेलें असल्यामुळें प्रदर्शनाची गरज उरली नाहीं, असें म्हणणें म्हणूनच उलटें आहे. मोबाइलवर पाहिलेलें आहे म्हणूनच तें आतां अधिक पाहिलें पाहिजे.

आपल्या परंपरेंतही शस्त्र एकटें कधीं मांडलेलें नाहीं. खंडेनवमीला आपण हत्यारें आणि अवजारें घासूनपुसून पुजतों. विळी, कोयता, नांगराचा फाळ यांनाही त्या दिवशीं हळदकुंकू लागतें. दुसऱ्या दिवशीं दसऱ्यास पाटीवर सरस्वती काढून पोथ्यापुस्तकांची पूजा होते. ज्या घरांत वर्षभर लेखणीच चालते, तेथें लेखणी हेंच शस्त्र. हिंगोलीचा दसरा तर मोठा. खाकीबाबांच्या मठापासून चालत आलेल्या त्या उत्सवाला दीडशें वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, आणि तेथील पाळण्यांची व खेळांची मजा ज्यानें लुटली नाहीं असा हिंगोलीकर विरळा. शेजारच्या नांदेडास सचखंड हुजूर साहिब येथें गुरु गोविंदसिंगांचीं शस्त्रें भाविकांस दाखवितात. परंतु तीं सायंकाळच्या आरतीनंतर, मस्तक झांकून, हात जोडून पाहावयाचीं. शस्त्राभोंवतीं कांहीं मर्यादा असली पाहिजे हें जुन्यांना पक्कें कळत होतें. आपल्या प्रदर्शनांत कांहीं उणें असेल तर तें या मर्यादेचें.

आणि दुसरें एक उणें आहे, तें घरच्या वडील मंडळींनीं भरून काढावें. मेजावर शस्त्र दिसतें, धैर्य दिसत नाहीं. लाठ्यांच्या मेजापाशीं मुलें क्षणभरही थांबत नव्हतीं. तेथें आम्हीं आमच्या मुलांना उभें केलें आणि तुकाराम ओंबळे यांची हकीकत सांगितली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईंत गिरगांव चौपाटीपाशीं मुंबई पोलिसांतील या सहायक उपनिरीक्षकांच्या हातीं केवळ लाठी होती. समोरच्या अतिरेक्याच्या हातीं स्वयंचलित रायफल. ओंबळ्यांनीं तिची नळी दोन्ही हातांनीं धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि ती सोडली नाहीं. म्हणूनच कसाब जिवंत हातीं लागला. मरणोत्तर अशोकचक्र त्यांस मिळालें. आमच्या पुतण्याला त्या रायफलीचें नांव, तिची घडण, तिचा जनक कोण, सर्व पाठ होतें. ओंबळ्यांचें नांव त्यानें तेथें प्रथम ऐकिलें. यांत दोष मुलाचा म्हणावा कीं आमचा?

बंदूक नेहमीं माणसावरच रोखलेली असते असेंही मुलांस वाटूं नये. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे यानें १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिसच्या ऑलिंपिकांत पन्नास मीटर रायफलीच्या तीन स्थितींतील नेमबाजींत कांस्यपदक मिळविलें. १९५२ सालीं हेलसिंकीस खाशाबा जाधवांनीं कुस्तींत कांस्यपदक आणिलें, त्यानंतर बहात्तर वर्षांनीं महाराष्ट्रीय खेळाडूस वैयक्तिक पदक मिळालें तें रायफलीच्या जोरावर. गुडघ्यावर बसून, पालथें पडून आणि उभें राहून श्वास आवरावयाचा, मन आवरावयाचें, आणि मगच बोट हलवावयाचें, असा हा खेळ आहे. आमच्या पुतण्यास तीस आंकडे रायफल स्थिर धरवेना, त्यानंतर ही गोष्ट त्याला सांगितली. तेव्हां तिचें मोल त्याला चटकन् कळलें.

तेव्हां आमचा अभिप्राय असा: जावें, आणि मुलींनाही न्यावें. मात्र कांहीं पथ्यें पाळावीं. मुलांना एकटें धाडूं नये. घरांतील एक जाणतें माणूस बरोबर असावें, आणि त्यानें घाई करूं नये. हत्यार मेजामागील माणसानें दिलें तरच हातीं घ्यावें. रिकामें असो वा भरलेलें, तें कोणाही माणसाकडे रोखावयाचें नाहीं, हा नियम घरून निघण्यापूर्वींच मुलांकडून म्हणवून घ्यावा. हत्यारासह छायाचित्र मुळींच काढूं नये. काढावयाचेंच असेल तर मेजामागच्या शिपायाची अनुज्ञा घेऊन त्याच्याबरोबर काढावें. आणि मुलांनीं तीन प्रश्न विचारल्यावांचून परतूं नये: हें शस्त्र कोणाच्या परवानगीनें बाहेर येतें? त्याचा हिशेब कोण ठेवितो? आणि तें न वापरतां काम कसें साधतां?

प्रदर्शन भरविणारांसही एक नम्र सूचना. बंदुकांशेजारीं ती गोळ्यांची वही, मूठभर पुंगळ्या, आणि शस्त्रकायद्याचीं दोन-तीन कलमें सोप्या मराठींत लिहून ठेवावीं. ध्वनिवर्धकावरील गाणीं थोडा वेळ थांबवावीं, म्हणजे हवालदारांचें बोलणें मागच्या रांगेंतील मुलांसही ऐकूं येईल. याला खर्च नाहीं, आणि याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाही होणार नाहीं.

संध्याकाळीं पुतण्या आजींपाशीं बसून सर्व हकीकत सांगत होता. रायफलीचें वजन, पुंगळ्यांचा शोध, ओंबळ्यांची लाठी, कांहीं राहिलें नाहीं. आजींनीं ऐकून घेतलें आणि विचारलें, "त्या हवालदाराचें नांव काय रे?" तें त्यानें विचारलें नव्हतें. आजी म्हणाल्या, "आमच्या दारीं बंदुका घेऊन जे आले, त्यांचीं नांवें विचारण्याची कोणाची छाती नव्हती. तुला विचारतां येत होतें, तर विचारावयाचें होतेंस." मुलगा वरमला. येत्या जानेवारींत पुन्हां जाऊन तें नांव विचारावयाचें, असें त्यानें ठरविलें आहे; आणि आजींनीं, होय-नाहीं करीत, दारापर्यंत सोबत येण्याचें कबूल केलें आहे.